शिडाच्या कडेला दोर हाताने कसा शिवायचा, आणि तीच पद्धत ताडपत्रीला कशी लावायची

मे संपता संपता आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात वादळ येतं, केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच्या बातम्या येतात, पण त्याच रात्री खळ्यावरच्या, ट्रकवरच्या, कांदा चाळीवरच्या किती ताडपत्र्या गेल्या ते कोणी विचारत नाही. सकाळी ती फाटलेली ताडपत्री नीट बघा भो. मधोमध फाटलेली फार कमी सापडेल. फाटलेली असते रिंगेपासून, पितळी रिंग तशीच दोरीला लोंबकळत राहते आणि कापड निघून गेलेलं असतं. कारण साधंय, वाऱ्याचा सगळा ओढा त्या रिंगेच्या भोवतीच्या थोड्याशा धाग्यांवर येतो आणि तेवढ्या धाग्यांची ती ताकदच नसते.

शिडाच्या जहाजांवर हाच प्रश्न होता आणि आपल्यापेक्षा खूप मोठा होता. त्यांनी काढलेला मार्ग म्हणजे शिडाच्या चारी कडांना दोर शिवून टाकायचा आणि ओढ सगळी त्या दोरावर घ्यायची, कापडाने फक्त वारा अडवायचा. या दोराला बोल्टरोप म्हणतात. खाली जे लिहिलंय ते हा दोर हाताने कसा शिवायचा याबद्दल आहे, कोणाला छोट्या होडीचं शीड करायचं असेल, कोणाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी मोठं मॉडेल करायचं असेल, किंवा आपल्यासारखं मका झाकायची ताडपत्री चार पावसाळे टिकवायची असेल, शिवण तिन्हीला एकच.

आधी शिडाची रचना डोक्यात घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. चौकोनी शिडाला वरच्या कडेचा दोर, दोन्ही बाजूंचे दोर आणि खालच्या कडेचा दोर. तिकोनी शिडाला पुढची कड म्हणजे लफ, मागची लीच, खालची फूट. आता गंमत बघा, शीड वर ओढणारा हॅलियार्ड असो, खालचा कोपरा खेचून धरणारा शीट असो, यातला एकही दोर कापडाला थेट बांधलेला नसतो. कडेच्या दोरातच दोराची एक कडी वळून ठेवलेली असते, तिला क्रिंगल म्हणतात, ओढणारा दोर त्या कडीला. म्हणजे ओढ कडीतून कडेच्या दोरात, तिथून दुसऱ्या कोपऱ्याला, आणि कापड मध्ये आरामात. आपली बाजारातली प्लास्टिक ताडपत्री बघा, तिच्या कडेच्या दुमडीतही दोरी असते, पण ती पायजम्यातल्या नाडीसारखी मोकळी असते, जागोजागी कापडाला धरलेली नसते. रिंगेला अडून ती थोडीफार मदत करते हे मान्य, पण मी त्याला अर्धं काम म्हणतो.

डोलकाठी उभी धरणारे दोर वेगळे, ते श्राउड आणि स्टे, ते एकदा ताणले की हलवायचे नाहीत. शिडं हलवणारे दोर वेगळे, ते दिवसभर ओढायचे-सोडायचे. त्यात आज शिरत नाही, फक्त आकडा ऐका म्हणजे अंदाज येईल, 1869 सालचं कटी सार्क जहाज, चहा आणायला चीनला जायचं, त्याची शिडं मिळून 32 हजार चौरस फूट आणि दोर-तारा मिळून 11 मैल. एचएमएस व्हिक्टरी या युद्धनौकेला तर 26 मैल दोर लागायचा. 1805 च्या ट्रफाल्गरच्या लढाईत तिच्यावर असलेलं एक शीड अजून इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला जपून ठेवलंय, त्याला तोफगोळ्यांची वगैरे नव्वदेक भोकं आहेत.

आणि हे सगळं फक्त गोऱ्यांचं समजू नका. जळगावहून अजिंठा किती लांब आहे, फर्दापूरला उतरून दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जा, तिथे तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे, उंच उभी शिडं आहेत. अजिंठ्यातल्या त्या 5व्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून आपल्या नौदलाने कौंडिण्य नावाचं जहाज बांधून घेतलं, 2025 च्या मे महिन्यात कारवारला ते नौदलात आलं. त्याच्या फळ्यासुद्धा खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. समुद्र आपल्यापासून लांब असला तरी जहाजाचा नकाशा आपल्या शेजारच्या डोंगरातून गेलाय, एवढं मनात ठेवून दाभण हातात घ्या.

सामान काय लागेल

पहिल्यांदाच करत असाल तर 3 बाय 4 फुटाचा तुकडा घ्या, थेट 15 बाय 20 च्या ताडपत्रीवर बसू नका, कंटाळा येतो आणि शेवटचे टाके ढिले पडतात.

कापड सुती कॅनव्हास घ्या, तंबूवाले वापरतात ते जाड. आपला भाग कापसाचा, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. युरोपातली शिडं बहुतेक अळशीच्या धाग्याची असायची, ती ताणून पोटात फुगायची. 1851 मध्ये अमेरिका नावाची शर्यतीची नौका इंग्लंडला गेली आणि सगळ्यांना मागे टाकून जिंकली, तिची शिडं यंत्रावर विणलेल्या कापसाच्या कॅनव्हासची होती, सपाट राहायची. नौकेचा आकार चांगला होताच, पण शिडांकडेही लोकांचं लक्ष गेलं. कापसाचं कापड कमी ताणतं हा फायदा, पाण्याने आकसतं हा तोटा, म्हणून कापायच्या आधी कॅनव्हास एकदा भिजवून वाळवून घ्यायचाच. प्लास्टिकच्या ताडपत्रीवर काम करायचं असेल तर जाड घ्या, 200 जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाच्या) खालचीला हाताचा टाका मारू नका, प्रत्येक भोक पुढे फाटत जातं.

दोर तीन पदरी, पीळ दिलेला पाहिजे. हे महत्त्वाचं आहे, कारण टाका दोन पदरांच्या मधल्या खाचेत बसतो. विणलेला गोल दोर मिळतो, दिसायला छान, पण त्याला खाच नसते, त्यामुळे टाका वर उघडा राहतो आणि घासून तुटतो. हाताने हलका पीळ उलगडून बघा, पदर सहज उघडायला पाहिजे, फार घट्ट पिळाचा दोर शिवायला त्रास देतो. छोट्या शिडाला 8 मिमी, ताडपत्रीला 10 मिमी पुरतो. 

कशाचा घ्यायचा यावर दुकानात वाद घालत बसू नका. जुन्या जहाजांवर हेंपचा म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या तंतूंचा दोर असायचा, चिडाच्या लाकडाचं टार पाजलेला. आपल्याकडे सुती दोर मिळतो, अंबाडीचा मिळाला तर तोही चालेल, सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात दोरवाले बसतात तिथे हाताने वळलेला चांगला माल बघायला मिळतो. नायलॉन नको, नायलॉन फार ताणतो, तो ताणून होईपर्यंत कापड फाटून जाईल. पॉलिस्टर बेस्ट, ताण कमी आणि उन्हात टिकतो. ती निळी-पिवळी पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची दोरी स्वस्त असते पण भुसावळच्या उन्हात तिचा भुगा होतो, हाताला कुसळं लागायला लागली की समजायचं गेली.

बाकीचं सामान मोच्याकडे आणि किराणा दुकानात निघतं. मेण लावलेला जाड धागा, पॉलिस्टर दोराला पॉलिस्टरचाच. मधमाशीचं खरं मेण, मेणबत्ती घासू नका, ती कोरडी पडून झडते. पोतं शिवायचं दाभण चालतं पण त्याच्या टोकाजवळची धार पॉलिश पेपरने थोडी मोडून घ्या, नाहीतर दोराचे तंतू कापत जातं. शीड शिवणारे तळहाताला चामड्याचा पट्टा घालतात, अंगठ्याच्या बाजूला त्यात खळगे पाडलेली लोखंडी चकती असते, तिने सुई ढकलायची. कोणत्याही मोच्याला दाखवलं तर तो अर्ध्या तासात बनवून देईल, आणि हा पट्टा नसेल तर कामाला बसूच नका, पहिल्या फुटातच तळहाताला भोक पडतं. एक लोखंडी आकडा घ्या, त्याला दोरी बांधून खिडकीच्या गजाला अडकवा, कापडाचं टोक त्यात अडकवलं की काम ताणून धरता येतं, तिसरा हात मिळतो. आणि दोराचे पदर उघडायला लाकडाची टोकदार खुंटी, बाभळीची किंवा सागाची घासून गुळगुळीत केलेली.

दोर आणि कापड तयार करणं

नवा दोर तसाच शिवू नका. सुती किंवा तागाचा दोर ओला झाला की धागे फुगतात, पीळ आवळतो आणि लांबी कमी होते, आणि नवीन असताना ओढ बसली की उलट लांबतो. म्हणून आधी रात्रभर पाण्यात घाला, सकाळी दोन लिंबाच्या झाडांच्या मध्ये ताणून बांधा, मधोमध वजन लटकवा आणि वाळू द्या. असं दोनदा केलं की दोराची खोड निघून जाते. पॉलिस्टरला भिजवायची गरज नाही, ताणून एक रात्र ठेवला तरी पुरे.

मग मापाची गोष्ट, आणि मला विचाराल तर सगळा लेख या एका गोष्टीसाठी आहे. दोरावर 10 फुटाच्या अंतराने दोन खुणा करा, माडीवरून उभा सोडा आणि खाली पाण्याचा 20 लिटरचा भरलेला जार बांधा, झालं 20 किलो. आता खुणांमधलं अंतर परत मोजा. समजा ते 4 इंचांनी वाढलं. याचा अर्थ ओढ बसल्यावर तुमचा दोर 10 फुटाला 4 इंच लांबतो. आता विचार करा, दोर आणि कापड सारख्या लांबीचे ठेवून शिवले तर काय होईल? कापड उभ्या धाग्यात फारसं ताणत नाही, दोर 4 इंच ताणल्याशिवाय ओढ घेत नाही, म्हणजे पहिला झटका पूर्ण कापडावर. दोर शिवलाय पण नुसता शोभेला. म्हणून दोर कापडापेक्षा आखूड ठेवून शिवायचा, कापड किंचित ढिलं. मोकळं पडलेलं असताना कडेला बारीक लाटा दिसतील, दिसू द्या, दोर ताणला की त्या निघून जातात आणि त्याच वेळी कापड सपाट होतं. ज्यांना पहिल्यांदा दाखवतो ते हमखास म्हणतात की हे तर चुकलंय, शिवण आखडली, आणि अहिराणीत विचारतात, आते कसं करानं? काही करानं नाही, ओढून बघा.

आपल्या मापाने 15 फुटाच्या कडेला 6 इंच दोर आखूड, म्हणजे साडेचौदा फूट. पण हे आखूडपण सगळीकडे सारखं वाटलं गेलं पाहिजे, एका टोकाला सगळ्या चुण्या जमल्या तर काही उपयोग नाही. टेपने मोजत बसण्यापेक्षा सोपी युक्ती अशी की कापडाची कड अर्ध्यात दुमडा, खूण करा, परत अर्ध्यात, परत, परत, असे 16 सारखे भाग पाडा. दोराचेही तसेच 16 भाग, दोर ओढून न धरता, जमिनीवर मोकळा पडलेला असताना. मग खुणेला खूण जुळवून कच्च्या धाग्याने बांधून टाका. आता प्रत्येक दोन खुणांच्या मध्ये कापड थोडं जास्त असेल, ते शिवताना टाक्याटाक्यात जिरवायचं.

एक अपवाद. तिकोनी शिडाची एक कड तरी तिरपी कापलेली असते, धाग्याच्या दिशेने नसते. तिरपं कापड स्वतःच रबरासारखं लांबतं, तिथे ते जास्तीचं ठेवायचं नाही, ठेवलंच तर नावाला. त्या कडेला दोराचं काम कापडाला लांबू न देणं हेच असतं.

कापडाची कड आधी दोनदा दुमडून मशीनने शिवून घ्या, दीड-दोन इंच रुंद, कच्ची कड आत जायला पाहिजे. चारी कोपऱ्यांना त्याच कापडाचे तिकोनी थर लावा, एक छोटा, त्यावर थोडा मोठा, असे दोन-तीन. सगळे एकाच मापाचे लावू नका, थर जिथे संपतात तिथे एकदम जाड-पातळ झालं की बरोबर त्या रेषेवर कापड फाटतं.

टाका

धागा दुहेरी घ्या, दोन हात लांब, जास्त नको, गुंता होतो. मेण चांगलं चोळा. दोर कापडाच्या कडेला लागून ठेवा, कडेच्या वर चढवायचा नाही, बाजूला चिकटवून. सुई दोराच्या एका पदराच्या खालून घाला, खाचेतून खाचेत, पदर टोचायचा नाही. मग तीच सुई दुमडीच्या कडेपासून थोडं आत कापडातून काढा आणि ओढा. पुढचा टाका पुढच्या पदराखालून. एक पदर, एक टाका, सोडायचा एकही नाही. 10 मिमीच्या दोरात फुटाला साधारण 28-30 टाके बसतात, त्यामुळे घाई असणाऱ्याने हे काम घेऊ नये, रेडिओ लावून बसायचं काम आहे हे.

प्रत्येक टाका नीट आवळा, जुने शीडवाले तर धागा एका छोट्या दांड्याला गुंडाळून पीळ देऊन आवळायचे. बरोबर बसलेला टाका खाचेत पूर्ण बुडून जातो, बोट फिरवलं तर दोराचे पदर लागतात, धागा लागत नाही. जहाजावर कडेचा दोर रात्रंदिवस डोलकाठीला, इतर दोरांना घासत असायचा तरी शिवण वर्षानुवर्षं टिकायची, ती यामुळे. ट्रकच्या फाळक्याला घासणाऱ्या ताडपत्रीलाही तेच लागू आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो दोर फिरण्याचा. शिवताना प्रत्येक टाक्याला दोर कणभर फिरतो, ते लक्षात येत नाही, आणि दहा फूट गेल्यावर कड स्प्रिंगसारखी गोल गोल वळायला लागते, आणि मग उसवण्याशिवाय इलाज नाही. म्हणून कामाच्या आधीच दोर सरळ पसरून त्याच्यावर पेनाने किंवा रंगाने एक लांब सरळ रेघ ओढून ठेवा. शिवताना ती रेघ कायम वर, डोळ्यांसमोर राहिली पाहिजे. बाजूला सरकली की लगेच दोर उलटा फिरवून जागेवर आणा. ही रेघ ओढायला पाच मिनिटं लागतात आणि लोक तिथेच आळस करतात.

शिवताना आकड्याने दोर ताणून ठेवा आणि कापड डाव्या अंगठ्याने किंचित पुढे ढकलत राहा, म्हणजे ते जास्तीचं कापड आपोआप जिरतं. कच्च्या धाग्याची खूण आली की बघा, कापड उरलं असेल तर आधीच्या भागात कमी ढकललंय, पुढे सुधारा.

दोर कोणत्या बाजूला लावायचा यालाही नियम आहे. चौकोनी शिडाला तो मागच्या अंगाला शिवतात, आणि जहाजाच्या लांबीच्या दिशेने उभ्या राहणाऱ्या शिडाला डाव्या अंगाला. कारण काळोखात, वादळात, शिडाचा ढीग अंगावर पडलेला असताना खलाशाने नुसता हात फिरवून ओळखायला पाहिजे की कोणती बाजू कुठली. ताडपत्रीला मी खालच्या अंगाला शिवायला सांगतो. दोर वर असला की तो बांधासारखा पाणी अडवतो, त्या पाण्याने झोळ पडतो आणि झोळ पडला की रात्रीत मका भिजलाच.

कोपरे आणि कड्या

कोपऱ्यावर दोर कापू नका. तो तसाच वळवून पुढच्या कडेला न्यायचा, वळणावर टाके जवळ जवळ घालायचे आणि कापड तिथे जरा जास्त ढिलं ठेवायचं. मोठ्या शिडांच्या कोपऱ्यात पुढे लोखंडी कड्या आल्या, आपल्या कामाला दोर वळवून त्यात लोखंडी थिंबल बसवलं तरी भरपूर. थिंबल म्हणजे पन्हाळीसारखी कड असलेली कडी, बोअरच्या मोटारीला दोर बांधायच्या दुकानात मिळते.

मधल्या कड्या म्हणजे क्रिंगल मात्र शिकण्यासारखी गोष्ट आहे. त्याच दोराचा एक सुटा पदर घ्या, कडीला लागेल त्याच्या साधारण चौपट लांब, पीळ मोडू देऊ नका. कडेच्या दोराच्या आतून, दुमडीत दोन ठिकाणी भोकं पाडून, काजं करून घ्या, तीन-चार इंच अंतरावर. पदर डाव्या भोकातून ओवा, एक टोक आखूड, एक लांब. दोन्ही टोकं एकमेकांवर मूळच्या पिळाने वळत उजवीकडे या, कडीएवढं झालं की लांब टोक उजव्या भोकातून काढा आणि वळणाच्या रिकाम्या खाचेत बसवत परत डावीकडे न्या. आता बघा, एका पदरातून तीन पदरी दोराची कडी तयार झाली. उरलेली टोकं कडेच्या दोराच्या पदरांखाली दोन-तीनदा ओवून आवळा आणि कापा. मग लाकडी खुंटी कडीत ठोकून ती ताणा, खुंटी काढली की लगेच थिंबल आत ठोका, दोर परत आकसतो आणि थिंबलला असा धरतो की हातोडीशिवाय निघत नाही. कडी थोडी घट्टच वळायची, सैल कडीत थिंबल खुळखुळतं.

ताडपत्रीला दर तीन फुटांवर अशी कडी केली तर पितळी रिंगांची गरजच उरत नाही. एवढा वेळ नसेल तर बांधायची दोरी रिंगेतून अशी ओवा की ती कडेच्या दोराला वेढा घालून येईल. रिंग फक्त भोकाची कड सांभाळेल, ओढ दोर घेईल.

दोर सगळीकडून फिरून आला की दोन टोकं जोडायची. गाठ मारायची नाही, गाठ म्हणजे दोराची निम्मी ताकद गेली असं समजा. टोकांचे पदर उलगडून एकमेकांत गुंफायचे, एकावर एक खाली एक, सुती दोराला तीनदा, पॉलिस्टरला पाचदा, कारण तो गुळगुळीत असल्याने सरकतो. हा जोड खालच्या कडेच्या मधोमध ठेवा, कोपऱ्यात कधीच नको. शिडाच्या ज्या कडेला दोर मध्येच संपवायचा असतो तिथे शेवटच्या वीतभरात पदरांचे धागे थोडे थोडे कापून दोर उंदराच्या शेपटीएवढा निमुळता करतात आणि तसाच कापडावर शिवून टाकतात, एकदम जाड दोर संपला तर त्या टोकाशी कापड फाटतं, कोपऱ्याच्या थरांचं सांगितलं तेच कारण.

शीड छोटं करायची दोरी

होडीसाठी करत असाल तर एवढं पण करा. वारा वाढला की शीड खालून गुंडाळून छोटं करतात, त्याला रीफ करणं म्हणतात. शिडावर आडव्या ओळीत छोट्या दोऱ्या लोंबत असतात त्या त्यासाठी. नवशिक्याला वाटतं की या दोऱ्यांनीच शीड बांधलं जातं, तसं नाही. त्या ओळीच्या दोन्ही टोकांना कडेच्या दोरात दोन मजबूत कड्या असतात, आधी त्या दोन कड्या ओढून बांधायच्या, पूर्ण ताण तिथे आला पाहिजे, मग मधल्या दोऱ्या, त्याही हलक्या हाताने, त्यांचं काम फक्त गुंडाळलेलं कापड आवरून धरणं. सोडताना उलटं, आधी मधल्या सगळ्या सोडा, एक जरी विसरली आणि कड्या सोडल्या तर त्या एका दोरीवर सगळा वारा येतो आणि शीड आडवं फाटतं.

ताडपत्री बांधताना हाच क्रम धरा. चार कोपरे आधी, तेही समोरासमोरचे, एक कोपरा पूर्ण आवळून दुसरा धरू नका. मग बाजूच्या कड्या. आणि एखाद्या ठिकाणी तरी सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये बांधा, वाऱ्याचा झटका तो खाऊन टाकतो, दर झटक्याला दोर-कापडाची परीक्षा होत नाही.

ठेवताना ओलं घडी घालू नका, सुती कॅनव्हासला दोन दिवसात बुरशी धरते, आणि कडेचा दोर कापडापेक्षा उशिरा वाळतो, कापड कोरडं लागलं तरी दोर दाबून बघा. युरोपातले मासेमार सुती शिडं कुजू नयेत म्हणून काताच्या पाण्यात उकळून घ्यायचे, त्यामुळे त्यांच्या शिडांना तो तांबूस-तपकिरी रंग असायचा. कात म्हणजे आपल्या पानातला तोच, खैराचा, सातपुड्यात खैर आहेच. सुती ताडपत्रीला हे करून बघायला हरकत नाही, फक्त शिवायच्या आधी कापड आणि दोर दोन्हीला करा, नंतर केलं तर दोन्ही वेगवेगळे आकसतात आणि मापाचं सगळं गणित बिघडतं.

अक्षय्य तृतीया झाली की पावसाच्या आधी एकदा सगळी कड हातातून फिरवा. कुठे धागा बोटाला लागला, म्हणजे खाचेतून वर आला, तर तिथून पुढे-मागे वीतभर उसवून परत शिवा. टोकांचे दोन-तीन टाके जुन्या टाक्यांवरून घ्या, म्हणजे वेगळी गाठ मारायला लागत नाही.